शब्दाचे नित्यत्व आणि एका नादाराची सूची

घट कुंभाराने घडविला म्हणून तो कधीतरी फुटणार, आणि शब्दही कोणीतरी उच्चारिला म्हणून तोही तसाच नाश पावणार, हे नैयायिकांचे अनुमान. आणि उच्चाराने शब्द उत्पन्न होतच नाही, अंधाऱ्या खोलीत दिवा नेला म्हणजे तेथे आधीपासूनच असलेली भांडी जशी दिसू लागतात तसा तो केवळ व्यक्त होतो, हे मीमांसकांचे उत्तर. या दोन पक्षांतील कज्जा आपल्या दर्शनांच्या दरबारात शतकानुशतके चालू राहिला. जैमिनीच्या सूत्रांवर शबरस्वामींनी भाष्य रचिले, कुमारिलभट्टांनी श्लोकवार्तिकात शब्दनित्यतेचा सविस्तर कैवार घेतला, आणि तरीही नैयायिकांनी आपली फिर्याद मागे घेतली नाही. पाण्यात खडा पडला असता लाटेतून लाट निघते, किंवा कदंबाचे फूल एकाच वेळी सर्व दिशांनी उमलते, तसा शब्दापासून शब्द निपजत कानापर्यंत येतो, आणि प्रत्येक शब्द पुढच्याला जन्म देऊन स्वतः मरतो, असे ते म्हणत राहिले.

हा वाद आता पाठशाळांच्या ओसरीवरच उरला आहे, असा सर्वसाधारण समज आहे. विसाव्या शतकात न्यूयॉर्क शहरातील एका लहानशा कचेरीत तो जमाखर्चाच्या भाषेत पुन्हा उभा राहिला, असे मला मात्र वाटते. आणि तो उभा करणाऱ्या गृहस्थाने जैमिनीचे नावही ऐकले नसावे.

ध्वनिमुद्रिकांचा व्यापार प्रथमपासूनच नैयायिकांच्या मताचा होता. तबकडी ही घडविलेली वस्तू, तीही लाखेची. आणि ती लाख छोटा नागपुरातील पळस, कुसुंब, बोर या झाडांवर जगणाऱ्या एका क्षुद्र कीटकाची निर्मिती. पांडवांना जाळण्यासाठी ज्या द्रव्याचे घर बांधिले गेले, त्याच द्रव्यावर शिकागोच्या आणि मेंफिसच्या गायकांचे कंठ कोरले जात होते, ही गोष्ट नश्वरतेचा पक्ष घेणाऱ्याला पुराव्यादाखल सहज पुढे करता येईल. तबकडी विकली जाई तोवर ती कंपनीच्या सूचीत राही. मागणी मंदावली की तिचे नाव सूचीतून खोडले जाई, आणि त्याबरोबर तो आवाजही बाजारापुरता मृत होई.

विस्कॉन्सिनमधील एका खुर्च्यांच्या कारखान्याची कथा या बाबतीत मोठी बोधक आहे. विस्कॉन्सिन चेअर कंपनी ग्रामोफोनची लाकडी कपाटे बनवीत असे. कपाट घेणाऱ्याला वाजवायला काहीतरी हवे, एवढ्याच हिशेबाने तिने ‘पॅरामाउंट’ या नावाने तबकड्याही काढावयास प्रारंभ केला, आणि ब्लाइंड लेमन जेफर्सन, चार्ली पॅटन, स्किप जेम्स यांसारख्या कृष्णवर्णीय गायकांचे गाणे केवळ या लाकूडकामाच्या जोडधंद्यामुळे जगाच्या हाती लागले. पुढे महामंदी आली. अमेरिकेत १९२७ साली दहा कोटींच्या घरात असलेली तबकड्यांची विक्री १९३२ मध्ये साठ लाखांच्या आसपास येऊन ठेपली. पॅरामाउंटचा कारभार आटोपला आणि ज्यांवरून तबकड्या दाबल्या जात ते धातूचे मूळ ठसे भंगाराच्या भावाने गेले. आज स्किप जेम्सचे १९३१ मधले जे गाणे आपण ऐकतो, ते कोणाच्या तरी घरी झिजून झिजून उरलेल्या दोनचार प्रतींवरून घेतलेले असते, आणि त्यातली खरखर ही त्या आवाजाचीच आहे की काय, असे वाटू लागते.

न्यूयॉर्कच्या कचेरीतला तो गृहस्थ म्हणजे मोझेस ॲश. तो १९०५ साली वॉर्सा येथे जन्मला. त्याचा पिता शोलेम ॲश यिद्दिश भाषेचा ख्यातनाम कादंबरीकार. पुत्राने मात्र जर्मनीत विद्युत्‌विद्येचे शिक्षण घेतले, न्यूयॉर्कमध्ये रेडिओदुरुस्तीचा धंदा केला आणि यिद्दिश नभोवाणीकेंद्रासाठी प्रक्षेपकयंत्र उभारून दिले. ध्वनी कसा प्रवास करतो याचे त्याचे ज्ञान पुस्तकी नव्हते. त्याचे हात तारांना लागलेले होते. १९४० च्या सुमारास त्याने तबकड्या काढण्यास आरंभ केला. महायुद्धात लाखेवर सरकारी नियंत्रण आले तेव्हा ज्या ‘स्टिन्सन’ कंपनीकडे लाखेचा कोटा होता तिच्याशी त्याने भागी केली, नंतर ‘डिस्क’ नावाची स्वतःची पेढी काढली, आणि तिचे दिवाळे वाजले. अशा स्थितीत १९४८ साली त्याने मेरियन डिस्टलर या आपल्या सहकारिणीच्या साहाय्याने ‘फोकवेज’ ही तिसरी संस्था स्थापिली. नादार माणसाच्या शब्दात मुळातच नाद आहे, अशी कोटी मी येथे करणार नव्हतो. पण ती टाळता आली नाही.

मोठ्या कंपन्यांच्या छायेबाहेर याच काळात अनेक लहान संस्था उगवल्या. ज्या गीतात वृक्षावर लटकणाऱ्या प्रेतांचे वर्णन आहे ते कोलंबियाने नाकारल्यावर १९३९ मध्ये बिली हॉलिडेकडून गाऊन घेणारी मिल्ट गॅब्लरची कमोडोर, त्याच वर्षीची आल्फ्रेड लायनची ब्लू नोट, १९५० मधली चेस बंधूंची शिकागोतली संस्था, मेंफिसमधली सॅम फिलिप्सची सन, हीच त्यांतली ठळक नावे. सनच्या मालकाने एल्विस प्रेस्ली या तरुणाचा करार १९५५ मध्ये पस्तीस हजार डॉलरांस आर.सी.ए. व्हिक्टरला विकला, त्याला कोणी मूर्ख म्हणत नाही. त्याच्या पक्षाने तो व्यवहार चोख होता. नित्यत्वाचा प्रश्न त्याच्या दुकानात कधी आलाच नाही.

ॲशच्या दुकानात तो रोज येई, कारण त्याने एक विलक्षण हुकूम स्वतःवरच बजावला होता: फोकवेजच्या सूचीत एकदा आलेली तबकडी सूचीतून निघणार नाही. वर्षाला पाच प्रती खपोत की एक, ती मागणाऱ्याला मिळालीच पाहिजे. यासाठी त्याची तजवीज अशी, की प्रती काही शेच काढावयाच्या, सर्व तबकड्यांस एकच साधे काळे वेष्टन वापरून त्यावर छापील कागद चिकटवावयाचा, आत टिपांची पुस्तिका ठेवावयाची, आणि साठा संपला की पुन्हा थोड्या प्रती दाबावयाच्या. मागणी कमी असलेले अक्षर वर्णमालेतून कोणी काढून टाकतो काय, असा त्याचा युक्तिवाद असे. आणि वर्णांच्या नित्यत्वासाठी भांडणाऱ्या मीमांसकाने दुसरा कोणता दृष्टान्त दिला असता, ते मला सुचत नाही.

कारण मीमांसकांचे म्हणणे नीट पाहिले तर शब्द कोठेतरी साठवून ठेविलेला आहे, असे ते म्हणत नाहीत. शब्द नित्य आहे, पण तो ऐकू यावयाचा तर त्याला अभिव्यंजक लागतो. कंठ, वायू, प्रयत्न यांचा संयोग घडल्याखेरीज नित्य असूनही तो मुका राहतो. फोकवेजची सूची हीही कोठारातल्या मालाची फेरिस्त नव्हती. बहुतेक तबकड्यांच्या मोजक्याच प्रती फडताळात असत. ‘मागाल तेव्हा व्यक्त करू’ एवढेच वचन ती सूची देत होती. तबकडीच्या लाखेत किंवा व्हिनाइलमध्ये मला नित्यत्व कोठे सापडत नाही. सापडलेच तर ते त्या वचनात सापडते.

येथे नैयायिक उठून विचारील, की पुन्हा दाबलेल्या तबकडीतला गायक लेडबेली हा पहिल्या तबकडीतलाच लेडबेली कशावरून? मीमांसकाचा आधार प्रत्यभिज्ञा. ‘हा तोच गकार’ अशी ओळख आपल्याला पटते, हाच पुरावा. नैयायिक म्हणेल, की ‘तीच ज्योत’ असेही आपण म्हणतो, पण क्षणोक्षणी जळणारे तेल निराळे असते. सारखेपणाला तुम्ही एकपणा समजता. या मुद्द्यावर नैयायिकाची बाजू मला बळकट दिसते, हे कबूल केले पाहिजे. आणि कडवा मीमांसकही येथे ॲशच्या मदतीला पूर्णपणे धावून येणार नाही. तो नित्य म्हणतो ते वर्णांना, ढोलाच्या नादाला किंवा कोणाच्या आवाजाच्या पोताला नव्हे. फोकवेजने तर १९५८ मध्ये उत्तर अमेरिकेतील बेडकांच्या आवाजांची तबकडी काढली, आणि तीही सूचीतून कधी निघाली नाही. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात गुरूमागून पाठ म्हणणाऱ्या शिष्यांप्रमाणे ओरडणाऱ्या बेडकांचे एक सूक्त आहे, हे ॲशला कोणी सांगितले असते, तर तो खूष झाला असता.

परंतु नित्यत्वाच्या सिद्धान्ताला एक काळी कडा आहे, आणि ती झाकून चालणार नाही. मीमांसकांनी शब्द नित्य ठरविला तो वेद अपौरुषेय ठरविण्याच्या पायरीसाठी; कर्ता नाही म्हणून दोष नाही. लोकगीतांच्या बाबतीतही ‘परंपरागत’ या एका शब्दाने कर्ता नाहीसा होतो, आणि कर्ता नाहीसा झाला की मानधनाची खतावणीही कोरी राहते. ॲश कलावंतांना तुटपुंजे पैसे देई, कधी देतही नसे, आणि ज्यांनी त्याच्यासाठी गायिले त्यांनीच ही तक्रार पुष्कळदा केली आहे. १९५२ मध्ये हॅरी स्मिथ या चमत्कारिक चित्रकाराने १९२७ ते १९३२ या काळातल्या तबकड्यांतून निवडलेल्या चौऱ्याऐंशी गीतांचा संग्रह फोकवेजने प्रसिद्ध केला. ती गीते कोलंबिया, व्हिक्टर आदी कंपन्यांनी केव्हाच अडगळीत टाकलेली. ॲशने त्यांची परवानगी घेतली नाही. टाकून दिलेल्या वस्तूवर मालकाचा हक्क उरत नाही, असा त्याचा समज. अमेरिकेच्या संघराज्याच्या कायद्याने ध्वनिमुद्रणाला कॉपीराइटचे संरक्षण दिले ते १५ फेब्रुवारी १९७२ पासून. तोवर गीत लिहिणाऱ्याला हक्क होता, पण तबकडीवर उमटलेल्या त्या विशिष्ट आवाजाला संघराज्याच्या दप्तरी नोंद नव्हती. लेडबेली डिसेंबर १९४९ मध्ये वारला, आणि पुढच्याच वर्षी त्याचे ‘गुडनाइट आयरीन’ हे गीत ‘वीव्हर्स’ मंडळीच्या कंठातून अमेरिकाभर गाजले. शब्द व्यक्त झाला. ज्याच्या कंठातून तो प्रथम ऐकिला गेला तो कंठ तेवढा अनित्य ठरला.

अनित्यत्वाचा पक्ष स्वतःहून पत्करणारेही झाले, आणि ते आपल्याकडेच. अल्लादिया खाँसाहेबांनी आपले गाणे तबकडीवर घेऊ दिले नाही. १९४६ साली ते निवर्तले तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांचा आवाज गेला. भास्करबुवा बखल्यांचाही आवाज आज उपलब्ध नाही. पण खाँसाहेबांची गायकी केसरबाई केरकरांच्या, मोगूबाई कुर्डीकरांच्या गळ्यातून ऐकू आली, आणि केसरबाईंची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानावरील सोन्याच्या मुलाम्याच्या तबकडीवर बसून सूर्यमालेबाहेर निघाली. गुरूने तबकडी नाकारली म्हणून नाद मेला म्हणावे, की शिष्येच्या गळ्याला अभिव्यंजक म्हणावे? वैदिकांनी तर पद, क्रम, जटा, घन असे पाठ रचून हे काम धातूच्या ठशांवाचून, केवळ माणसांकडून करून घेतले. आणि योगायोग असा, की १९६० च्या दशकाच्या अखेरीस ॲशच्याच एका मालिकेत जॉन लेव्ही यांनी मुद्रित केलेले, फ्रिट्स स्टाल यांच्या टिपांसह, चारही वेदांचे पठण प्रसिद्ध झाले. ज्या शब्दासाठी मुळात हा सारा वाद झाला, तोच नादाराच्या सूचीत येऊन बसला.

ॲश १९८६ च्या ऑक्टोबरात वारला. दोन हजारांहून अधिक तबकड्यांचा हा पसारा पुढच्या वर्षी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने घेतला, तो एका अटीवर: सूचीतले एकही नाव गळू नये. सर्व तबकड्या छापून ठेवणे सरकारी संस्थेलाही परवडणारे नव्हते, म्हणून त्यांनी तोड काढली. जी तबकडी वर्षात एखादाच मागतो, तिची मागणी आली की मूळ फितीवरून त्या एका गिऱ्हाइकासाठी एकच कॅसेट, आणि पुढे एकच सीडी, उतरवून, टिपांच्या पुस्तिकेच्या प्रतीसह, टपालाने धाडली जाई. आणि दुसरा मागणारा येईपर्यंत बेडूक पुन्हा गप्प.