आधी विचार, मग शरण



चाळीस वर्षे कीर्तनाला उभा राहिलो. आता गळा थकला, नारदाची गादी तरुणांकडे सोपवली आणि मी श्रोत्यांत भिंतीला टेकून बसतो. त्या गादीवरून एक गोष्ट मी किती वेळा सांगितली असेल याची गणती नाही. ती म्हणजे, भार देवावर टाका. ऐकणारे माना डोलवीत, टाळकरी टाळ वाजवीत, आणि मलाही वाटे की आपल्याला याचा अर्थ कळला आहे. गेल्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीने मला त्याचा अर्थ विचारला आणि मला उत्तर देता आले नाही. ते उत्तर शोधताना जे हाती लागले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

बहीण एकोणसत्तर वर्षांची. माळशिरस तालुक्यात राहते, माउलींची पालखी तिच्या गावाजवळून जाते. अंघोळ करताना तिच्या हाताला स्तनात गाठ लागली. दोन महिने तिने कोणाला सांगितले नाही. आपल्याकडच्या बायका या अवयवाचे नाव घेत नाहीत, मग दुखणे कसे सांगतील? शेवटी सुनेला सांगितले. सुई घालून तुकडा तपासला, कर्करोग निघाला. दैव बरे की तो पहिल्या अवस्थेत होता. गाठ दीड सेंटिमीटरची, काखेतल्या गाठींत काही पसरलेले नाही. सोलापुरात शस्त्रक्रिया झाली. फक्त गाठ आणि तिच्या कडेचा भाग काढला, स्तन राखला. असे केले तर आयुष्य कमी होत नाही, हे इटली आणि अमेरिकेतल्या वीस वर्षांच्या अभ्यासांनी 2002 मध्ये सिद्ध केले आहे. मात्र त्यात एक अट असते. स्तन राखला की मागे एखादा अदृश्य कण उरलेला असू शकतो, तो जाळण्यासाठी पुढे किरणोपचार करायचे. लोक त्याला शेक देणे म्हणतात.

आणि येथे पेच पडला. डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी कागदावर तीन वाटा काढून दाखवल्या.

पहिली वाट तीन आठवड्यांची. शनिवार-रविवार सोडून रोज थोडा थोडा शेक, एकूण पंधरा वेळा. पूर्वी हाच उपचार पाच आठवडे, पंचवीस वेळा देत, आता तो इतका आटोपशीर झाला आहे. दुसरी वाट एका आठवड्याची, पाचच वेळा, पण प्रत्येक वेळी मात्रा मोठी. ब्रिटनमध्ये चार हजारांवर स्त्रियांवर हे करून पाहिले. 2020 मध्ये निष्कर्ष आला की पाच वर्षांत रोग उलटण्याच्या बाबतीत ही वाट पंधरा वेळांच्या वाटेपेक्षा उणी पडली नाही. तिसरी वाट ऐकून आम्ही चमकलो. शेक घ्यायचाच नाही, फक्त संप्रेरक रोखणारी गोळी रोज एक, पाच वर्षे.

डॉक्टरीणबाईंनी तिसरीचाही हिशेब सांगितला. पासष्ट वर्षांवरील 1326 स्त्रिया, लहान गाठ, काख स्वच्छ, संप्रेरकावर वाढणारा रोग, आणि सर्वांना गोळी. अर्ध्यांना शेक दिला, अर्ध्यांना नाही. दहा वर्षांनी पाहिले तर शेक घेतलेल्या शंभरांपैकी सुमारे एकीला त्याच स्तनात रोग उलटला, न घेतलेल्या शंभरांपैकी नऊ-दहा जणींना. पण जिवंत राहिलेल्यांची संख्या दोन्हीकडे सारखीच, शंभरांत जवळजवळ एक्याऐंशी. हा अभ्यास 2023 मध्ये छापून आला. एवढे सांगून त्या म्हणाल्या, “मावशी, तुमच्या बाबतीत तिन्ही वाटा शास्त्राला धरून आहेत. तुम्ही सांगा.”

वाचकहो, येथे एक सावधगिरी. हा हिशेब अशाच वयाचा आणि अशाच गाठीचा आहे. चाळिशीतली बाई असेल, काखेत रोग पोहोचला असेल, गाठीची जात वेगळी असेल, तर शेक टाळण्याचा विचार असा करता येत नाही. माझ्या बहिणीचा कागद आपल्या घरच्या रुग्णाला लावू नये.

आता त्या खोलीत काय झाले ते सांगतो. “तुम्ही सांगा” म्हटल्यावर बहीण सोडून आम्ही सगळे बोललो. थोरला भाचा म्हणाला, तीन आठवड्यांचाच द्या, जास्त दिवस म्हणजे जास्त खात्री. धाकटा म्हणाला, कशाला आईला जाळायचे, गोळी पुरे. आणि मी, ज्याला घरात सगळे महाराज म्हणतात, तो म्हणालो, “बाई, पांडुरंगावर सोड.” बहीण लुगड्याच्या पदराशी चाळा करत बसली होती. आम्ही ‘विचार करून येतो’ म्हणून बाहेर आलो.

गाडीत बराच वेळ ती गप्प होती. मोहोळ मागे पडल्यावर म्हणाली, “दादा, तू म्हणतोस सोड. पर माझ्या हातात कुणी काय ठिवलंच न्हाई, तर मी सोडू काय?”

मी गादीवर असतो तर काहीतरी बोलून वेळ निभावली असती. तेथे ती सोय नव्हती.

घरी आल्यावर मी प्रश्नाला शास्त्राच्या अंगाने लागलो. कठोपनिषदात यम नचिकेताला सांगतो की माणसापुढे श्रेय आणि प्रेय अशा दोन वाटा येतात, शहाणा श्रेय निवडतो. कीर्तनात हे सांगणे सोपे असते, कारण तेथे एक वाट हिताची आणि दुसरी नुसती गोड. येथे तिन्ही वाटा हिताच्याच होत्या. प्रत्येकीत थोडे मिळत होते आणि थोडे द्यावे लागत होते. शेकाने त्वचा काळवंडते, थकवा येतो, स्तन घट्ट होऊ शकतो, आणि डाव्या बाजूला असेल तर हृदय सांभाळावे लागते. शेक टाळला तर रोग त्याच जागी उलटण्याची भीती थोडी अधिक, आणि गोळी न चुकता घ्यावी लागते. त्या गोळीने सांधे दुखतात, हाडे विरळ होतात. अशा ठिकाणी ‘श्रेय निवड’ एवढे सांगून वाट दिसत नाही. श्रेय कोणासाठी, हे विचारावे लागते.

येथे तीन पूर्वपक्ष उभे राहतात. ते मी स्वतःच मनात मांडले होते.

पहिला प्रारब्धाचा. रोग उलटायचा असेल तर उलटेल, मग निवडीचा खटाटोप कशाला? पण हे खरे मानणाऱ्याने गाठ तरी का काढली? आपले शास्त्र संचित आणि प्रारब्ध सांगून थांबत नाही, क्रियमाणही सांगते. प्रारब्ध भोगून झाल्यावर ओळखू येते. जे अजून घडायचे आहे त्याला आधीच प्रारब्ध म्हणणे म्हणजे आपल्या आळसावर देवाचे नाव घालणे होय.

दुसरा पूर्वपक्ष असा की डॉक्टर जाणते, त्यांनीच ठरवावे. जेथे एकच वाट योग्य असते तेथे हे बरोबर आहे, तेथे वाद घालणे हा मूर्खपणा. पण जाणत्यानेच सांगितले की तिन्ही योग्य, तेव्हा त्याचे जाणणे तेथे पुरे झाले. पुढचे जे उरते ते रोगाबद्दलचे नसून रोग्याबद्दलचे असते. तिला कशाची भीती अधिक वाटते, तिला काय झेपते, हे कोणत्याही यंत्रात दिसत नाही.

तिसरा पूर्वपक्ष प्रेमाचा, आणि तोच सर्वांत अवघड. म्हातारे माणूस, त्याला कशाला ताण, आम्ही पोरे ठरवतो. वाचकहो, यात प्रेम खरे आहे, पण त्यात आपली भीतीही मिसळलेली असते. थोरल्याला खात्री हवी होती, ती त्याच्या झोपेसाठी. धाकट्याने चुलत्याचा जुन्या काळचा शेक पाहिला होता, कातडी सोललेली, ती त्याच्या डोळ्यांपुढून जात नव्हती. आणि मी? मला त्या खोलीतून लवकर बाहेर पडायचे होते. बहिणीच्या छातीबद्दल चाललेले बोलणे मला सोसत नव्हते. मी पांडुरंगाचे नाव घेतले ते माझा संकोच झाकण्यासाठी. हे कबूल करायला मला आठ दिवस लागले.

मग मी गीता उघडली. अठरावा अध्याय. त्यातला 66 वा श्लोक, सर्व सोडून मला एकट्याला शरण ये असे सांगणारा, मी शेकडो वेळा निरूपणाला घेतला असेल. त्याच्या तीनच श्लोक आधी, 63 व्यात, भगवंत काय सांगतात यावर मी क्वचितच थांबलो. ते म्हणतात, मी तुला गुह्याहून गुह्य ज्ञान सांगितले, आता याचा पुरता विचार कर आणि तुझ्या इच्छेला येईल तसे कर. पाहा, सांगणारा कोण, आणि ऐकणारा कोण! ज्याला सर्व ठाऊक आहे तो सर्व सांगून निर्णय अर्जुनाच्या हातात परत देतो. त्यानंतर शरण यायला सांगतो. क्रम असा आहे. आणि शरण गेल्यावर निर्णय करणारा नाहीसा होतो काय? तसेही नाही. 73 व्या श्लोकात अर्जुन आपण होऊन म्हणतो की तुझे वचन मी पाळीन. करणारा उरलाच आहे, फक्त त्याचा मोह गेला आहे.

आम्ही सोलापुरात उलटे केले होते. बहिणीच्या हातात 63 वा श्लोक न देताच तिला 66 वा सांगितला होता. जे तिचे झालेच नव्हते ते देवाला अर्पण कर म्हणालो होतो. स्वतःची नसलेली वस्तू दान करता येत नाही, हे तर धर्मशास्त्र ठाऊक नसलेलाही जाणतो.

आपल्या अरणचे सावता महाराज माळी होते. मळ्यात पाणी कोणत्या वाफ्याला आधी वळवायचे हे माळ्याला रोज ठरवावे लागते, ते विठ्ठल येऊन ठरवत नाही. पाऊस मात्र माळ्याच्या हातात नसतो. वाफा आपला, पाऊस त्याचा. निर्णय आणि फळ यांतली सीमारेषा मला येथे दिसली.

मी बहिणीकडे गेलो. मुले शेतात होती. तिला म्हणालो, “माझे चुकले. आता मी काही सांगत नाही. तुला काय वाटते ते बोल, मी ऐकतो.” ती उठली आणि फडताळातून एक पत्र्याचा डबा घेऊन आली. त्यात रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटे होती, अर्धी फोडलेली, अर्धी तशीच. म्हणाली, “ह्या बघ. मला गोळ्या निभत न्हाईत. एकादशीला इसरते, रानात गेले की इसरते, बरं वाटलं की घेतच न्हाई. पोरांना ठावं न्हाई. पाच वर्सं रोज गोळी घेईन असं डाक्टरला कबूल करायचं, आन् ती मागं पडली तर? आठ दिवसांचं व्रत सांग, ते मी निभावीन.”

वाचकहो, हा डबा डॉक्टरीणबाईंना दिसला नसता, मुलांना दिसला नव्हता, मला तर स्वप्नातही दिसला नसता. 1326 स्त्रियांच्या अभ्यासातही तो नव्हता. सगळा निर्णय ज्या गोष्टीवर उभा होता ती एकटीलाच ठाऊक होती, आणि तिलाच कोणी विचारले नव्हते.

तिने डॉक्टरीणबाईंना डब्यासकट सर्व सांगितले. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, शेक घेतला तरी गोळी घ्यायचीच आहे, तेव्हा नात तुम्हाला रोज आठवण करील अशी सोय करू. पण गोळी कधी चुकली तर शेकाचा आधार असेल, हा तुमचा विचार पक्का आहे. एका आठवड्याची वाट ठरली. पाच दिवस सोलापुरात भाचीकडे राहून ती घेतली. नंतर कातडी काळवंडली, दीड महिना अंगात शक्ती नव्हती, आषाढीला ती चालू शकली नाही. पालखी आली तेव्हा रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसली आणि येणाऱ्या वारकऱ्यांना पाणी देत राहिली.

पुढे काय होईल हे सांगता येत नाही. रोग उलटलाच, तर ‘ती दुसरी वाट घेतली असती तर’ असे म्हणायचे नाही, हे आम्ही सर्वांनी तिच्यासमोर ठरवले आहे. पुरता विचार करून घेतलेला निर्णय फळ वाईट आले म्हणून वाईट ठरत नाही. फळावर आपला अधिकार नाही, या उपदेशाचा हा घरगुती अर्थ आहे, आणि तो आधी नातलगांनी पाळायचा आहे. रुग्ण बहुधा पाळतोच.

आता भार देवावर टाकण्याचा अर्थ मला विचाराल तर असा सांगेन. विचारायचे तेवढे विचारावे, समजून घ्यावे, आपले आपण ठरवावे, आणि ठरवल्यावर रात्री तेच तेच उकरीत न बसता नाम घेत झोपावे. बहीण आता तशी झोपते, असे सून सांगते.

आपल्या घरात असा प्रसंग आला, आणि तो कोणाच्याही घरी येऊ शकतो, तर एवढेच करा. आपण बोलण्याआधी जिचे शरीर आहे तिच्याजवळ बसा, बाकीच्यांना थोडे बाहेर पाठवा आणि विचारा, बाई, तुला काय वाटते? मग गप्प राहा. पांडुरंगाचे नाव त्यानंतर घ्या.

रामकृष्णहरी.