पायांत काही नाही, तोंडात सगळं

टाळ्या पडल्या म्हणून खूश होऊ नका. काल व्यासपीठावर तुम्ही जे केलंत त्याबद्दल मला बोलायचं आहे. मी बोलत असताना मधे कोणी तोंड उघडायचं नाही.

आधी निवेदनाचं. 'बोधिधर्माने भारतातून नेलेली पाच हजार वर्षांची विद्या', असं माइकवरून ठणकावून सांगितलंत. कुठे वाचलंत हे? मी समोरच बसलो होतो, मला तरी विचारायचं. बोधिधर्माची ही कथा ज्या मठाशी जोडतात तो शाओलिन मठ चीनच्या हनान प्रांतात, सोंग पर्वतावर उभा राहिला 495 च्या सुमारास. उत्तर वेई घराण्याच्या सम्राटाने तो बातुओ नावाच्या भारतीय भिक्षूसाठी उभारला. अभिमान बाळगायचाच असेल तर तो या खऱ्या गोष्टीचा बाळगा. पण बातुओचं नाव तुमच्यापैकी एकालाही ठाऊक नाही. 621 साली शाओलिनच्या भिक्षूंनी ली शिमिनला, म्हणजे पुढच्या तांग सम्राटाला, लढाईत साथ दिली. मठातल्या 728 च्या शिलालेखावर त्यांच्यातल्या 13 जणांची नावं आहेत. बोधिधर्माने कोणाला लढायला शिकवलं, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. ध्यानाच्या परंपरेत बोधिधर्माला आद्य पुरुष मानतात. तो मान त्याचाच आहे, आणि तो पुरेसा मोठा आहे. त्याच्या हातात काठी द्यायची गरज नाही.

मग ही कथा आली कुठून? 'यीजिन जिंग' नावाच्या व्यायामाच्या ग्रंथातून. त्याला जोडलेली एक प्रस्तावना 628 ची असल्याचा दावा आहे. पण ग्रंथाचा माग लागतो तो 1624 पर्यंतच, आणि त्या प्रस्तावनेत एका काल्पनिक कथेतलं पात्र खरा माणूस म्हणून वावरतं. त्याआधी काहीच वर्षं छेंग झोंगयू या शाओलिनमध्ये दहा वर्षांहून जास्त काळ शिकलेल्या माणसाने मठाच्या काठीवर पुस्तक लिहिलं. त्यात या विद्येचं श्रेय बोधिधर्माला नाही, किन्नर राजाला दिलं आहे. मठाच्या दंतकथेत हा किन्नर म्हणजे स्वयंपाकघरात राबणारा साधा सेवक. भिक्षूंनी आपली विद्या चुलीपाशी काम करणाऱ्याच्या नावे लावली, आणि तुम्हाला मात्र मोठं नाव हवं. 1930 मध्ये तांग हाओ नावाच्या चिनी अभ्यासकाने बोधिधर्माची आणि ताइचीचा जनक मानल्या जाणाऱ्या झांग सानफेंगची, अशा दोन्ही कथा पुराव्यानिशी खोडून काढल्या. अनेक उस्तादांना ते झोंबलं. तो स्वतः याच विद्येचा उपासक होता, म्हणूनच त्याने ते केलं.

तुम्ही काल केलेल्या ताइचीच्या फॉर्मचं वय माहीत आहे का? 24 हालचालींचा तो संच चीनच्या सरकारी क्रीडा आयोगाने 1956 मध्ये यांग शैलीवरून बसवला. त्याच्या मागे जाल तर 19 व्या शतकातला यांग लूछान भेटेल. तो चेनजियागोउ या खेड्यात चेन छांगशिंगच्या हाताखाली वर्षानुवर्षं घासला गेला. त्याच्याही मागे 17 व्या शतकातला चेन वांगतिंग, आणि त्याच्या थोडं आधी 32 पवित्र्यांची नोंद करणारा सेनापती छी जिग्वांग. हा सेनापती स्पष्ट लिहितो की रिकाम्या हाताचे डाव रणांगणावर फारसे कामाचे नाहीत, पण हातपाय तयार करायला ते आधी यावे लागतात. चारशे वर्षांची ही पाळंमुळं कमी वाटली म्हणून तुम्ही पाच हजारांचा आकडा लावलात.

फुकटचं जुनेपण अंगाला लावलं की स्वतः घाम गाळायची गरज वाटेनाशी होते. तुमचं नेमकं तेच झालं आहे.

यिन आणि यांगवर सुंदर बोललात. मग गुडघ्यावरून हात फिरवून पुढे जाण्याची साधी हालचाल करताना तुमचं वजन कुठे होतं? दोन्ही पायांवर, सारखं. ताइचीत याहून मोठा दोष नाही. मागच्या पायावर बसा, पुढची टाच नुसती टेकवा, तळव्याखालून कागद सरकवता येईल इतकी हलकी. आता मागच्या टाचेने जमीन दाबत, कंबर वळवत पुढे या. गुडघा बोटांच्या रोखाने राहिला पाहिजे, आत पडता कामा नये. एक पाय भरत जातो, दुसरा रिकामा होत जातो, आणि भरलेल्या पायात मागे फिरायची तयारी उरलेली असते. यिन-यांग इथे आहे, मांडीत आणि टाचेत. तुमचे गुडघे आत पडत होते, खांदे कानाला लागले होते आणि नजर मोबाइलच्या कॅमेऱ्याकडे होती.

लाओत्सूचं नावही घेतलंत. मऊपणा कठीणावर मात करतो, हे वाक्य फेकणं सोपं आहे. मनगटाला मनगट लावून उभे राहा. समोरचा ढकलू लागला की त्याचा जोर खांद्यातून येतोय की टाचेतून, हे तुमच्या कातडीला कळलं पाहिजे. तो जोर अडवायचा नाही आणि स्पर्श सोडायचाही नाही. चिकटून राहून कंबर वळवायची, की त्याचाच जोर त्याला पुढे घेऊन जातो. हे येण्यासाठी शेकडो वेळा स्वतः पडावं लागतं, आणि तुम्ही पडायला तयार नाही. धक्का लागला की हात ताठ करता. हरायचं नाही हा हट्ट अंगात असेपर्यंत लाओत्सू अंगात शिरणार नाही.

आणि सगळ्यात वाईट ते शेवटचं. एकाने हवेत हात फिरवला आणि चौघे न स्पर्शता कोसळले. ठरवून. प्रेक्षकांत लहान मुलं होती, त्यांना ते खरं वाटलं. उजव्या मुठीवर डावा तळवा ठेवून आपण नमस्कार करतो, तेव्हा बळ आवरायचं आणि खोटं वागायचं नाही हे कबूल करतो. तो नमस्कार करून लगेच तुम्ही लोकांना फसवलंत. हवेतून माणसं पाडणारी शक्ती म्हणजे 'छी' नव्हे. 'छी' म्हणजे श्वास, सैल सांधे आणि टाचेपासून बोटापर्यंत न तुटणारा जोर, यापलीकडे मी तुम्हाला काही शिकवलेलं नाही.

चुकलात म्हणून तोंड पाडून बसू नका, एक हकिगत ऐका. 1561 मध्ये यू दायू हा मिंग सेनापती शाओलिनला गेला. भिक्षूंनी त्याला काठीचे हात करून दाखवले. त्याने तोंडावर सांगितलं की मूळ विद्या तुम्ही हरवून बसला आहात. जगप्रसिद्ध मठ, आणि एक बाहेरचा सैनिक असं बोलतो! मठाधिपती रुसला नाही. 'मग शिकवा' म्हणाला. दोन तरुण भिक्षू यूबरोबर दक्षिणेच्या छावणीत गेले, तीन वर्षं राहिले आणि परत येऊन त्यांनी इतरांना शिकवलं. ही हकिगत यूनेच लिहून ठेवली आहे. शाओलिनची परंपरा मला या दोघांत दिसते, बोधिधर्माच्या दंतकथेतल्या गुहेत नाही.

आपल्याकडच्या तालमीत आजोबांच्या कुस्त्या सांगून कोणाला मातीत उतरता येत नाही, जोर-बैठका स्वतःलाच माराव्या लागतात. इथेही तेच चालेल.

तुमच्यातल्या काहींनी नावापुढे 'मास्टर' लावून माझ्या मागे नव्या मुलांना शिकवायला सुरुवात केली आहे, हे मला कळलं आहे. तुमचा आत पडणारा गुडघा आता त्यांच्यात उतरतोय, आणि दहा वर्षांनी दुखणं त्यांना सोसावं लागेल. ते आजपासून बंद. सोमवारपासून सकाळी सहाला नव्यांचा वर्ग मी घेईन. तुम्ही सगळ्यात मागच्या रांगेत उभं राहायचं, रेशमी पोशाख घरी ठेवून. तीन महिने फॉर्म नाही. फक्त स्थिर उभं राहणं, घोडेस्वाराची बैठक आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर वजन नेणं. ज्याला यात कमीपणा वाटतो त्याने आज जाताना सांगावं, उरलेली फी परत मिळेल.