जात्याचं रेखाचित्र

पेटंटची जुनी रेखाचित्रं चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावायची आवड आता आपल्याकडेही आली आहे. सेफ्टी पिन, शिलाई मशीन, विजेचा दिवा. मला ती मनापासून आवडतात. रोज हाताळलेली वस्तू त्यांत पहिल्यांदा दिसते.

वॉल्टर हंटची १८४९ची पिन पाहा. एकच तार, तिला एक वेढा, टोकाला टोपी. वेढ्यामुळे ताण, टोपीमुळे बोट सुरक्षित. बांगडीत पिना अडकवून ठेवणाऱ्या आपल्या बायकांना हे चित्राशिवायच ठाऊक होतं.

अमेरिकेत या चित्रांना कडक नियम होते. शाई काळीच हवी. उजेड डाव्या वरच्या कोपऱ्यातून, तिरपा आला असं धरून छाया काढायची. खाली साक्षीदारांच्या सह्या. सजवायची मुभा नसलेल्या हाताने काढलेलं आज सजावटीला लागतं, याचं मला नवल वाटत नाही.

आपल्या देशातला पेटंटसारखा पहिला हक्क १८५६चा, चौदा वर्षांचा. कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंगने पंखा ओढण्याचं यंत्र मांडलं होतं. मला मात्र आधी आठवतो तो पंख्याची दोरी धरून बसलेला माणूस. यंत्राला कागद मिळतो. ज्या हाताकडून ते काम शिकलं, त्याला मिळत नाही.

हक्क मागितला म्हणून चित्र निघालं. जात्याचा हक्क कोण मागणार? रवीचा, सुपाचा, विळीचा?

महानुभाव पंथाच्या रिद्धपुरात हा प्रश्न जास्त टोचतो. इथे वाजेश्वरीला, तेराव्या शतकात, म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणींचं लीळाचरित्र सिद्ध केलं. स्वामींना पाहिलेल्या माणसांकडे ते गावोगाव गेले, आठवणी विचारल्या, स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून पारखून घेतल्या. पुढे पाठ वेगळे पडले, तेव्हा ज्याचा पाठ त्याचं नाव नोंदलं गेलं. पंथाच्या स्थानपोथीत तर कोणती जागा कुठे, दार कोणत्या दिशेला, हेही आहे. चित्र नाही, तरी जागा उभी राहते. सांगणारा कोण, हे लिहून ठेवण्याची शिस्त या मातीत इतकी जुनी आहे.

याच पंथाने पुढे आपल्या पोथ्या सकळ या सांकेतिक लिपीत झाकून ठेवल्या. झाकून जपणं हा एक मार्ग. पेटंटचा मार्ग उलटा: सगळं उघड करा, ठराविक वर्षं हक्क घ्या, मग ते सर्वांचं. घरातल्या वस्तूंनी दोन्ही धरले नाहीत. आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे त्या नुसत्या जात राहिल्या. घेणारा हात थांबला की हा मार्गही थांबतो.

तो थांबतो आहे. गिरणी आली, मिक्सर आला, जातं अंगणाच्या कडेला गेलं. बायकांचे श्रम वाचले, हे चांगलंच झालं. त्यात हळहळण्यासारखं काही नाही. जात्यावरच्या ओव्याही हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या संकलनामुळे एक लाखाहून अधिक वाचल्या. पुण्यात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, कुलपं आयुष्यभर गोळा केली आणि त्या संग्रहालयाला अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव दिलं. वस्तू टिकली. पण ती चालते कशी, हे काचेबाहेरून कळत नाही. त्यासाठी मधोमध छेद घेऊन, भागांना आकडे घालून काढलेलं चित्रच लागतं.

म्हणून भिंतीवर हंटची पिन खुशाल असू द्या, शेजारी आपल्या घरातलं जातं काढून लावा. मोजपट्टी घेऊन काढा. तळीचा व्यास, खुंट्याची उंची, टाकीने पाडलेल्या खाचांची दिशा. घास किती टाकायचा, भरडताना काय बदलायचं, हे आजीला विचारा आणि खाली साक्षीदार म्हणून तिचं नाव घाला.

आता रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ आहे. तिथल्या मुलामुलींनी हे काम हाती घ्यावं, असं मला फार वाटतं. आधी मोर्शी तालुक्यातली घरं, मग अचलपूरकडची. दळण दळलेल्या बायका अजून सांगायला आहेत तोवर.