कात्यायनीचा वाटा

घर सोडून निघण्याआधी याज्ञवल्क्यांनी वाटणी काढली. बृहदारण्यक उपनिषदातला हा प्रसंग बहुतेकांना मैत्रेयीमुळे माहीत असतो. ऋषींना दोन बायका, मैत्रेयी आणि कात्यायनी. संसार आटोपता घ्यायचा ठरल्यावर दोघींचं काय ते मार्गी लावून मोकळं व्हावं, एवढाच त्यांचा बेत होता. पण मैत्रेयीने विचारलं, की धनाने भरलेली सगळी पृथ्वी आपली झाली तर त्याने अमरत्व मिळेल का? याज्ञवल्क्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, की मिळणार नाही. चार सुखवस्तू माणसं जगतात तसं जगता येईल, इतकंच. मग असल्या धनाचा आपल्याला उपयोग काय, असं म्हणून तिने वाटणी बाजूला सारली आणि तिथून आत्मविद्येचा तो मोठा संवाद सुरू झाला.

कात्यायनी या साऱ्या प्रसंगात एक शब्दही बोलत नाही.

उपनिषदात हा संवाद दोनदा येतो. चौथ्या अध्यायातल्या पाठात मैत्रेयीला ब्रह्मवादिनी म्हटलं आहे, तर कात्यायनीला सर्वसामान्य स्त्रियांना असतं तेवढंच ज्ञान होतं, असं एका वाक्यात सांगून टाकलं आहे. भाष्यकारांनी त्याचा अर्थ घरप्रपंचाची जाण असा लावला. आता हा प्रपंच लहान नव्हता. जनकाच्या यज्ञात सर्वश्रेष्ठ ब्रह्मवेत्त्यासाठी हजार गायी उभ्या केल्या होत्या, प्रत्येकीच्या शिंगांना दहा-दहा पाद सोनं बांधलेलं. त्या याज्ञवल्क्यांनीच शिष्याला सांगून घरी हाकलून नेल्या होत्या. ज्या घरात एवढं पशुधन आलं, त्या घरातल्या प्रपंचाची जाण असलेल्या बाईला वाटणीच्या वेळी काय म्हणायचं होतं, हे कोणी विचारल्याची नोंद नाही.

मोठी पुंजी हाती आलेल्या आजच्या घरातही हाच प्रसंग घडतो. निवृत्तीनंतर प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी जमा होते, गावाकडची जमीन विकली जाते, जुनी ठेव मुदत भरून मोकळी होते. आयुष्यभर महिन्याचा हिशेब जुळवणाऱ्या माणसाला पासबुकात पहिल्यांदाच एवढा लांबलचक आकडा दिसतो. मुलांना द्यावेत, देवस्थानाला द्यावेत, एखाद्या संस्थेला द्यावेत, की बँकेत ठेवून व्याजावर जगावं? सश्रद्ध माणूस अशा वेळी धर्माकडे वळतो आणि तिथे आपल्याला एकच उत्तर मिळेल, असं धरून चालतो: सोडून द्या, पैसा ही माया आहे. त्या उत्तराने तो दबतो तरी किंवा त्याला वळसा घालून निघून जातो. प्रत्यक्षात किती सोडायचं, हा प्रश्न धर्मग्रंथांत पुष्कळदा दुसरा येतो. त्याआधी ते विचारतात की हे धन कोणाकोणाचं आहे.

याज्ञवल्क्यांच्याच नावावर असलेली स्मृती याबाबतीत नि:संदिग्ध आहे. कुटुंबाला बाध येणार नाही एवढंच आपलं धन दान करावं आणि वंशज असताना सर्वस्व देऊ नये, असा तिचा नियम आहे. याच स्मृतीवर विज्ञानेश्वरांनी कल्याणीच्या चालुक्यांच्या राजधानीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, मिताक्षरा टीका लिहिली आणि पुढे शेकडो वर्षं देशाच्या मोठ्या भागात हिंदूंचा वारसा तिच्या आधाराने ठरला. तिच्या मते वडिलार्जित मालमत्तेत मुलाचा हक्क जन्मानेच उभा राहतो. वडील कर्ते असले तरी एकटे मालक नसतात. त्या हक्कात मुलींना मुलांच्या बरोबरीने बसवायला मात्र २००५ सालची कायदादुरुस्ती यावी लागली.

इस्लामने तोच मुद्दा आकड्यांत बांधला. सोनं असो वा रोकड, ठरलेल्या किमान मर्यादेपेक्षा जास्त बचत वर्षभर हाती राहिली तर तिच्या अडीच टक्के जकात द्यावी लागते. ती पडून राहिलेल्या पैशावरही आहे. पण मृत्युपत्राने दुसऱ्या कोणाला द्यायचं, तर वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाच्या पुढे जाता येत नाही. उरलेले दोन भाग वारसांचे. धर्मकार्य कितीही मोठं असलं तरी बायकोमुलांचे दोन भाग ओलांडून तिथे पोचायची वाट ठेवलेली नाही.

भागवतातला शुक्राचार्यही हेच सांगतो. वामन तीन पावलं जमीन मागतो आणि बळी हो म्हणतो, तेव्हा गुरू त्याला अडवतो. ज्या दानाने देणाऱ्याची उपजीविकाच बुडते ते दान शहाण्यांना मान्य नाही, असं बजावतो आणि धनाचे पाच भाग करायला सांगतो: धर्मासाठी, कीर्तीसाठी, पुन्हा धन उभं करण्यासाठी, स्वतःच्या सुखासाठी आणि आपल्या माणसांसाठी. कथाकीर्तनात शुक्राचार्य म्हणजे झारीच्या तोटीत अडकून डोळा गमावलेला कारस्थानी. त्याचा हा सल्ला मात्र कोणत्याही काळजीवाहू मामाने द्यावा असा आहे.

बळीने तो ऐकला नाही. सर्वस्व दिलं, पाताळात गेला, आणि तरीही मराठी मुलखाने त्यालाच आपला राजा मानलं. बलिप्रतिपदेला आजही घरोघरी बळीचं राज्य येवो असं म्हटलं जातं. मग नियम खरा की बळी? भागवतात या प्रसंगात आणखी एक व्यक्ती आहे, जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. वामनाचे पाय धुण्यासाठी सोन्याचा पाण्याने भरलेला कलश घेऊन बळीची राणी विंध्यावली पुढे येते. सारं जाणार हे गुरूने भर सभेत सांगून झालं आहे आणि ती तिथे उभी आहे. पुढे बळी बांधला गेल्यावर ती देवाशी बोलतेही, तीन लोकांची मालकी मुळात कोणाची याची आठवण करून देत. हे दान एकट्याने गुपचूप दिलेलं नव्हतं. पाणी ओतणारे हात दोघांचे होते.

महाराष्ट्राच्या मनात त्यागाचं दुसरं चित्र आहे ते देहूचं. तुकोबांच्या घरी महाजनकी होती, सावकारी होती. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात पहिली बायको रखमाबाई आणि मुलगा गेला. पुढे त्यांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. या गोष्टीतला एक तपशील फार मोलाचा आहे. धाकटे भाऊ कान्होबा मध्ये पडले. तुम्ही विरक्त झालात, पण मला संसार आहे, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा कागदांचे दोन वाटे झाले. कान्होबांचा वाटा त्यांच्या हाती गेला आणि तुकोबांनी पाण्यात सोडला तो केवळ आपला. एवढ्या तीव्र वैराग्याच्या क्षणीही भावाच्या हिश्शाला हात लागला नाही.

आणि जे बुडालं तेही नीट पाहायला हवं. नदीत नाणी पडली नाहीत. पडले ते दुसऱ्यांकडून वसूल करायचे हक्क. दुष्काळाने पिचलेल्या कुळांच्या मानेवरचं ओझं त्या पाण्यात उतरलं.

तरीही वाटणी दोघा भावांत झाली. घरात दुसरी बायको जिजाई होत्या, लेकरं होती. पोरांना खायला काय घालू, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो विचारला म्हणून कथेकऱ्यांनी त्यांना पिढ्यान् पिढ्या कजाग ठरवलं. कात्यायनीला निदान गप्प तरी ठेवलं होतं. जिजाई बोलल्या, तर त्यांचं बोलणं हेच तुकोबांच्या भक्तीतलं विघ्न म्हणून रंगवलं गेलं.

तीन शतकांनी पुण्यात एका बाईने हा प्रश्न स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवला. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला, १९०० साली तो हिंगण्याला गेला. ते फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत आणि उरलेला सगळा वेळ आश्रमाचा. स्वतःची शिल्लक तर त्यांनी घातलीच, पण पाच हजारांची आयुर्विम्याची पॉलिसीही आश्रमाच्या नावे करून टाकली. त्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया, यांना ते मुळीच रुचलं नाही. मुलं लहान होती. आपल्या ‘माझे पुराण’ या आत्मकथनात बायांनी संसाराची ही ओढाताण हातचं न राखता मांडली आहे.

बायांचं म्हणणं समजून घ्यायला त्यांचं आधीचं आयुष्य आठवावं लागतं. त्या बालविधवा होत्या. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी त्याच, तेव्हाच्या गोदूबाई. १८९३ मध्ये कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला, तोही समाजाचा बहिष्कार सोसून. नवरा गेल्यावर बाईचं काय होतं, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. आणि नेमकी ती पॉलिसी, जी पुढेमागे होऊ शकणाऱ्या एका विधवेसाठी होती, ती आज समोर असलेल्या विधवांच्या आश्रमाला गेली. दोन्ही बाजूंना तेच दुःख, तीच गरज. कर्व्यांनी चूक केली असं म्हणायला जीभ रेटत नाही. त्या आश्रमातून पुढे महिला विद्यापीठ उभं राहिलं. बायांची तक्रार क्षुद्र होती असं तर मुळीच म्हणवत नाही. त्याही आश्रमासाठी झिजल्या. त्यांचा आक्षेप देण्याला नसावा. त्यांच्या वाट्याचं त्यांना न विचारता दिलं गेलं, याला असावा.

कर्वे १०४ वर्षं जगले आणि बाया त्यांच्या आधी गेल्या. दुसरं वैधव्य त्यांच्या नशिबी आलं नाही. पण पॉलिसीच्या कागदावर सही झाली त्या दिवशी हे कोणाला ठाऊक होतं?

सगळं उधळून मोकळं होण्याची ओढ दानातच असते असं नाही, मायेतही असते. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मधले अप्पासाहेब बेलवलकर निवृत्त होताना सारी कमाई मुलगा आणि मुलीत वाटून टाकतात. १९७० पासून मराठी प्रेक्षक ते बघत आला आहे आणि प्रत्येक पिढीतल्या आईबापांच्या छातीत तिथे धस्स होतं. अप्पांच्या औदार्याची किंमत त्यांची बायको कावेरी हिनेही मोजली. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या तेविसाव्या कलमात अशा आईबापांसाठी एक दार ठेवलं आहे: सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतर रद्द ठरवू शकतं.

यावर कोणी म्हणेल की घरच्यांचे वाटे मोजत बसलं तर बाहेरच्यांपर्यंत काही पोचणारच नाही. ही भीती खरी आहे. तिला सर्वांत सुंदर उत्तर विनोबांनी दिलं. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूमिहीनांसाठी शंभर एकर जमीन मिळाली आणि भूदान सुरू झालं. पुढे गावोगावी त्यांची मागणी एकच असायची: घरात पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा हिस्सा द्या. भिक्षा म्हणून त्यांनी काही मागितलं नाही, वारसाहक्क मागितला. घराचा हिशेब न मोडता त्या हिशेबात दरिद्रनारायणासाठी एक पाट वाढवला. १९५२ साली सुरू केलेल्या संपत्तिदानात तर त्यांनी पैसा गोळाही केला नाही. सहावा हिस्सा देणाऱ्याने स्वतःकडेच ठेवायचा आणि ठरवून दिलेल्या कामांवर स्वतःच खर्च करायचा. म्हणजे देणारा शेवटपर्यंत जबाबदार राहिला.

न ठरवणं हाही एक निर्णय असतो आणि तोच सर्वाधिक घरांत घेतला जातो. मार्च २०२३ अखेर देशातल्या बँकांत कोणीही दावा न केलेल्या ठेवी ४२,२७० कोटी रुपयांच्या होत्या. दहा वर्षं खात्यात व्यवहार झाला नाही की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे जाते. वारस पुढे आले तर ती परत मिळते, पण त्यासाठी असं खातं होतं, हे त्यांना माहीत तर हवं. यातल्या कितीतरी ठेवींमागे आपल्या माणसांसाठी पोटाला चिमटा घेणारं कोणी असेल आणि त्याने त्याच माणसांना एका वहीत चार ओळी लिहून दिल्या नसतील.

त्या चार ओळी अवघड नसतात. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. साध्या कागदावर सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. खात्याला नॉमिनी लावला म्हणजे तो मालक झाला असंही नसतं; तो रक्कम घेतो, हक्क वारसांचा राहतो. आणि नवऱ्याने १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली बायकोच्या व मुलांच्या लाभासाठी विमा उतरवला, तर ती पॉलिसी त्यांच्यासाठी विश्वस्तनिधी ठरते. मग त्याला ती परस्पर दुसऱ्या कोणाच्या नावे करता येत नाही, धर्मकार्यासाठीसुद्धा. १९२३ च्या दुरुस्तीने ही सोय हिंदूंनाही मिळाली. बायांच्या वेळी ती असती, तर त्या दिवशी कर्व्यांना आश्रमाचा कागद पुढे करण्याआधी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभं राहावं लागलं असतं.

तिथे काय बोलणं झालं असतं, कोण जाणे. बाया कदाचित हो म्हणाल्या असत्या. निम्मे द्या म्हणाल्या असत्या. विंध्यावलीसारखा कलश घेऊन पुढेही आल्या असत्या.

बृहदारण्यकात मैत्रेयीशी बोलणं संपतं आणि याज्ञवल्क्य निघून जातात. वाटणीचा विषय पुन्हा निघत नाही. मैत्रेयीने तर आपला वाटा मनातून सोडूनच दिला होता. मागे राहतो तो कात्यायनीचा प्रपंच, जनकाकडून आलेल्या हजार गायी, आणि संध्याकाळी धारांची वेळ झाली की गोठ्यातून येणारं त्यांचं हंबरणं.