दोघांनी ठरवलेल्या वेळा

मालेगाव तालुक्यातल्या शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती आहे. ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे अशी भाविकांची श्रद्धा, नावही त्यावरूनच. जैनांमधले दिगंबर आणि श्वेतांबर दोघेही तिला आपली मानतात. १९०५ मध्ये दोन्ही बाजूंनी पूजेच्या वेळा आपसांत वाटून घेतल्या. पुढे श्वेतांबरांनी लेप देताना मूर्तीच्या कमरेवर कटिसूत्र आणि कच्छोट, म्हणजे करदोटा आणि लंगोट यांच्या रेघा दाखवल्या, दिगंबरांना त्या मान्य नव्हत्या, आणि १९१० मध्ये प्रकरण न्यायालयात गेलं. कमरेवरच्या त्या रेघांचा निकाल अखेर १९२९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये लागला: व्यवस्थापन आणि लेप श्वेतांबरांकडे, ठरल्या वेळी पूजा करण्याचा हक्क दिगंबरांना. वाद मात्र संपला नाही. १९८१ मध्ये गाभाऱ्याला कुलूप लागलं, भाविक झरोक्यातून दर्शन घेत राहिले, आणि ते कुलूप २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं निघालं. माझं म्हणणं एवढंच की, श्रद्धेच्या आतल्या प्रश्नावर राज्याचा शिक्का घेतला की जिंकणाऱ्याच्या हाती हुकूम येतो, पण एकमेकांची समजूत घालायची सवय दोघांचीही मोडते.

पाचव्या शतकातल्या चीनमध्ये हेच फार मोठ्या प्रमाणावर घडलं. ताओपंथी सुधारक कोउ छ्येनची यानं आपल्या पंथातली तांदळाची वसुली आणि संभोगविधी बंद करून शिस्त आणायचं ठरवलं. सुधारणा प्रामाणिक होती. पण ती रुजवायला तो ४२४ च्या सुमारास उत्तर वेईच्या दरबारी गेला. मंत्री त्स्वेइ हाओ त्याचा पाठीराखा झाला, आणि ४४२ मध्ये सम्राट तैवूनं स्वतः ताओपंथी दीक्षा घेतली. चारच वर्षांनी त्याच सम्राटानं बौद्धांविरुद्ध फर्मान काढलं. ४४८ मध्ये कोउ वारला, ४५० मध्ये त्स्वेइ हाओला देहदंड झाला, ४५२ मध्ये सम्राटाचा खून झाला आणि बौद्ध धर्माला पुन्हा मुभा मिळाली. दरबाराच्या आधारानं मिळवलेलं बळ दरबार फिरताच ओसरलं.

यावर कोणी विचारेल, मग राज्यानं देवळाच्या दाराशी हात बांधून उभं राहायचं का? साने गुरुजी १९४७ मध्ये पंढरपूरला उपोषणाला बसले, तेव्हा प्रश्न होता अस्पृश्य मानलेल्या माणसाला देवळात येऊ द्यायचं की नाही. तो नागरिकत्वाचा प्रश्न आहे. त्यात राज्यानं पडायलाच हवं, आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ नं तशी वाट मोकळी ठेवली आहे. हाणामारी रोखणं हेही राज्याचंच काम. पण मूर्तीच्या कमरेवर रेघ असावी की नसावी, हे कुठल्याही न्यायाधीशाला पुराव्यावरून सांगता येणार नाही. तो फार तर ताबा कुणाचा हे सांगेल, आणि तेवढ्यावर श्रद्धा समाधान पावत नाही. शिरपूरच्या इतक्या वर्षांच्या कागदपत्रांत मला सगळ्यात टिकाऊ वाटतो तो १९०५ चाच करार. न्यायालयांनी नंतर पुनःपुन्हा त्याचाच आधार घेतला, आणि तो कुठल्याही दरबारानं दिलेला नव्हता.