भूमि आणि भूगर्भ

जमीन विकत घेतली म्हणजे नक्की काय विकत घेतलें, हा प्रश्न वरवर पाहतां निरर्थक भासतो. खरेदीखत झालें, चतुःसीमा ठरल्या, सातबाऱ्यावर नांव चढलें, कीं गृहस्थ आपणांस भूमिपति समजूं लागतो. परंतु चतुःसीमा या चारच दिशांच्या असतात. पायांखालीं जाणाऱ्या पांचव्या दिशेविषयीं खत बहुधा मुकें असतें. आणि जेथें तें बोलतें, तेथें घेणाराच्या विरुद्ध बोलतें.

या प्रश्नाची नैतिक बाजू पाहावयाची तर अमेरिकेकडे वळावें लागतें. जमिनीचा पृष्ठभाग एकाचा आणि पोटांतील कोळसा, तेल वा वायु दुसऱ्याचा, अशी वांटणी तेथें खेडोपाडीं आढळते. १९१६ च्या एका कायद्यानें गुरें पाळणाऱ्या वसाहतवाल्यांस ६४० एकरांपर्यंत जमीन देतांना सरकारनें खनिजें स्वतःकडे राखलीं. पेन्सिल्व्हेनिया राज्यांत तर पृष्ठभाग, खनिज, आणि खनिजानें पृष्ठभागास दिलेला आधार, अशा तीन स्वतंत्र मालमत्ता कायद्यानें मानल्या. हा तिसरा प्रकार वाचकांनीं जरा थांबून ध्यानांत घ्यावा. घर ज्यावर उभें आहे तो आधारच घरापासून वेगळा काढून विकतां येतो, ही कल्पना आमच्या नैयायिकांनाही सुचली नसती!

तेथील एका कोळसा कंपनीनें १८७८ सालीं जमीन विकतांना कोळसा काढण्याचा हक्क राखला, आणि नुकसानीचा सारा धोका घेणारानें पत्करावा असें लिहून घेतलें. राहतीं घरें खचतील अशा रीतीनें कोळसा काढूं नये, असा कायदा राज्यानें १९२१ मध्यें केला. पुढच्याच वर्षीं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढें गेलें आणि न्यायमूर्ति होम्स यांनीं कंपनीच्या बाजूनें निकाल दिला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा कीं, ज्यांनीं दूरदृष्टि न ठेवतां केवळ पृष्ठभाग घेतला, त्यांस न घेतलेला हक्क फुकट देतां येत नाहीं. न्यायमूर्ति ब्रँडाइस यांनीं मात्र आपलें मत विरुद्ध नोंदविलें.

होम्स यांचा युक्तिवाद लेचापेचा नाहीं. जो नुसता पृष्ठभाग घेतो आणि मागाहून खालच्या कोळशावर डोळा ठेवतो, त्याची बाजू आम्हीही घेणार नाहीं. पण कोळशांत वांटा मागणें निराळें, आणि पायांखालची जमीन खचूं नये असें म्हणणें निराळें. शिवाय धोका पत्करणारा एकटा नसतो. त्याच्या मुलांची, शेजाऱ्यांची सही त्या खतावर नसते. आणि संमति तरी कशास दिलेली असते? केंटकीच्या डोंगराळ भागांत गेल्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास शेतकऱ्यांनीं एकरी थोडक्या डॉलरांस, क्वचित् अर्ध्या डॉलरासही, खनिजांचे हक्क विकून टाकले. कुदळ-फावड्याची खाण त्यांच्या नजरेसमोर होती. पुढें आलीं तीं डोंगराची अख्खी कूस खरवडून काढणारीं अवाढव्य यंत्रें, आणि न्यायालयांनीं तींही जुन्या खतांत बसविलीं. १९६५ सालीं एका विधवेनें आपल्या जागेंत शिरलेल्या यंत्रापुढें अंग टाकलें. तुरुंगांत गेली ती तीच. १९८८ मध्यें मतदारांनीं राज्यघटना दुरुस्त करून ठरविलें कीं, खतांत वेगळें स्पष्ट लिहिलेलें नसेल, तर करारकाळीं त्या प्रदेशांत रूढ असलेल्या रीतीनेंच कोळसा काढावा.

मनुस्मृतीशीं आमचें फारसें जमत नाहीं. तरी तिच्या आठव्या अध्यायांत या प्रश्नाचें मर्म सांपडतें. भूगर्भांतील धातूंचा अर्धा वांटा राजास देतांना तेथें कारण दिलें आहे तें रक्षणाचें. म्हणजे खालच्या धनावरील अधिकार वरच्या मनुष्याच्या रक्षणाशीं बांधलेला आहे. आज महाराष्ट्रांत राजाच्या जागीं राज्य सरकार आहे. १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या ४८ व्या कलमान्वयें, सरकारनें दिलेल्या सनदेंत उलट स्पष्ट म्हटलेलें नसेल, तर सर्व खनिजांचा हक्क सरकारचा. (देशभर असेंच आहे असें नव्हे; मलबारांतील जमीनधारकांच्या बाबतींत सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं खनिजें मालकाचींच मानलीं.) तेव्हां चंद्रपुराकडे वावर घेणारा गृहस्थ हा पेन्सिल्व्हेनियांतील घरमालकाचा चुलतभाऊच म्हणावयाचा, फरक एवढाच, कीं याच्याकडून कोणी तसें लिहूनही घेतलेलें नसतें. खाणकामानें पृष्ठभाग व्यापला वा विस्कटला गेल्यास भरपाई द्यावी, अशी तरतूद त्याच कलमांत आहे, ही गोष्ट चांगली. पण शेजारच्या खाणीनें विहिरीचें पाणी खालीं ओढून नेलें, आणि वावराचा पृष्ठभाग मात्र जसाच्या तसा राहिला, तर जिल्हाधिकाऱ्यानें मोजावें काय?