धक्का कुणी खायचा?

जुन्या जिप्सीच्या मागच्या बाकावर बसून खराब रस्त्यानं गेला असाल, तर तिच्या सस्पेन्शनबद्दल तुम्हाला वेगळं सांगायला नको. समोरासमोरच्या आडव्या बाकड्यांवर बसायचं, वरचा दांडा घट्ट धरायचा आणि बोलताना जीभ दाताखाली येणार नाही याची काळजी घ्यायची. मारुतीनं ही गाडी १९८५ मध्ये आणली. पुढच्या तीसेक वर्षांत इंजिन बदललं, रुंदी बदलली, पण चारही चाकांवरचे पोलादी पाटे राहिले ते राहिलेच. लष्कर, पोलीस, वनखातं अशा लोकांची ही आवडती गाडी. भरल्या गाडीला पेलतील असे पाटे रिकाम्या गाडीत दगडासारखे वागतात.

आता या गाड्या आमच्या वयाच्या लोकांच्या हातात येतायत. आम्हाला सामान वाहायचं नसतं. शनिवारी पहाटे पुण्यातून निघायचं, डांबर संपेल तिथे फोर-व्हीलचा लीव्हर ओढायचा आणि पुढे जायचं. माझी आणि माझ्या एका मित्राची मिळून अशी एक जिप्सी आहे आणि गेले काही महिने आमच्यात एकच वाद चाललाय : हिचं सस्पेन्शन किती बदलायचं? वरवर हा वाद तांत्रिक आहे. मला मात्र तो नैतिक वाटतो. का वाटतो, हे सांगण्याआधी थोडं तंत्र सांगावं लागेल.

गाडीच्या वजनानं स्प्रिंग किती दबते, यावरून गाडी सेकंदाला किती वेळा वरखाली होणार ते ठरतं. स्प्रिंग ५ सेंटिमीटर दबत असेल तर साधारण सव्वादोन वेळा, २५ सेंटिमीटर दबत असेल तर एकदा. सेकंदाला एक-दीड झोके शरीराला मानवतात. त्याच्या फार वर गेलं की झोका संपून हिसका सुरू होतो. ऑफ-रोडिंगला मऊ पाटे हवे असतात ते आणखी एका कारणानं. कडक पाट्यांच्या गाडीचं एक चाक दगडावर चढलं की दुसरं एखादं हवेत लटकतं. साधा डिफरन्शियल दोन्ही बाजूंना सारखाच जोर देतो आणि हवेतल्या चाकाला फिरायला जोर लागतच नाही, त्यामुळे जमिनीवरच्या चाकालाही जवळपास काही मिळत नाही. एक चाक गरगर फिरतं आणि गाडी जागच्या जागी. मऊ पाट्यांवर चारही चाकं जमीन धरून राहतात.

उपाय बरेच आहेत. पाट्यांच्या जुडग्यातला एखादा पाटा काढून टाकायचा. किंवा एकमेकांवर न घासणारे, मोजकेच पण मधे जाड आणि टोकांना निमुळते असे पॅराबोलिक पाटे बसवायचे. किंवा पाट्याच्या टोकाचे शॅकल लांब करायचे. शॅकल जितका लांबेल, त्याच्या निम्मी गाडी उचलली जाते. सगळ्यात मोठा उपाय म्हणजे पाटा ॲक्सलच्या वर घेणं. मूळ जिप्सीत तो ॲक्सलच्या खाली असतो. वर घेतला की गाडी पाचेक इंच उंच होते, मोठे टायर बसतात आणि जिथे पोट घासत होतं तिथून गाडी सहज निघून जाते. बदल्यात गुरुत्वमध्य वर जातो, ब्रेकचे पाइप लांब करावे लागतात, स्टिअरिंगचा कोन बिघडतो आणि जोर लावला की ॲक्सल पाट्याला पिळायला लागतो. माझ्या मित्राला हेच करायचंय. मला पॅराबोलिक पाटे आणि नवे शॉकअप पुरेसे वाटतात.

कायद्याचं म्हणाल, तर मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ आहे. नोंदणीतले तपशील उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असे बदल करायला ते मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही त्यावर बोट ठेवलंय. हा मुद्दा माझ्या बाजूचा आहे, तरी मी तो वादात फारसा वापरत नाही. मला पडलेला प्रश्न कायद्यात बसणाऱ्या पाट्यांनाही लागू होतो.

प्रश्न असा : धक्का जातो कुठे?

नाहीसा तर होत नाही. स्प्रिंग तो साठवून परत करते. शॉकअप त्यातली ऊर्जा बारीक छिद्रांतून तेल ढकलत उष्णतेत बदलतो. तासभर खराब वाटेनं गाडी चालवून शॉकअपला हात लावा, चटका बसेल. थोडा धक्का रबरी बुश खातात, थोडा चॅसी खाते, उरलेला माणूस खातो. सस्पेन्शन बदलणं म्हणजे या वाटपात फेरफार करणं. आता इथे प्रामाणिक असायला हवं. त्याच वेगानं, त्याच वाटेनं जायचं असेल तर मऊ सस्पेन्शन सगळ्यांच्याच भल्याचं आहे. माणसाची पाठ वाचते, गाडी वाचते आणि जमीनसुद्धा वाचते, कारण चाक आपटत नाही आणि गरगर फिरून माती उकरत नाही.

पण त्याच वेगानं, त्याच वाटेनं जाण्यासाठी कुणी पैसे खर्च करत नाही. आम्ही ज्यांच्याकडे काम करून घेतो, त्या गॅरेजवाल्या काकांनी हे एका वाक्यात सांगितलं : “पाटे मऊ केले की पाय जड होतो, दादा.” कडक गाडी चालवणारा खड्ड्यापाशी हळू होतो, त्यात त्याचा चांगुलपणा काही नसतो. त्याची पाठ त्याला सांगते. धक्का ही शिक्षा असते, तशीच ती बातमीही असते : इथे काहीतरी आहे, जपून. शिक्षा नको म्हणून आपण सस्पेन्शन बदलतो आणि शिक्षेबरोबर बातमीही बंद होते. माझ्या धंद्यात याचं एक रूप रोज दिसतं. प्रोग्रॅममध्ये एरर येत राहतो, वैतागून कुणीतरी रिकामा कॅच ब्लॉक लिहितो, स्क्रीन स्वच्छ होते. एरर असतोच, फक्त आता तो कुणाला कळत नाही.

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या दुसऱ्या भागात ग्लॉकन एक गोष्ट सांगतो. लिडियातल्या एका मेंढपाळाला भूकंपानं पडलेल्या भेगेत एक अंगठी सापडते. अंगठीचा खडा आत वळवला की माणूस अदृश्य होतो. मेंढपाळ राजवाड्यात जातो, राणीला फितवतो, राजाला मारतो आणि राज्य बळकावतो. ही गायजेसची अंगठी. ग्लॉकनचं म्हणणं, अशी अंगठी सज्जनाला दिली काय आणि दुर्जनाला दिली काय, दोघंही सारखेच वागतील. आपण नीट वागतो ते केल्याची फळं आपल्याकडे परत येतात म्हणून. सॉक्रेटिसला याचं उत्तर द्यायला उरलेलं अख्खं पुस्तक लागतं.

मऊ सस्पेन्शन ही छोटी का होईना, अशीच अंगठी आहे असं मला वाटायचं. विचार करताना लक्षात आलं की फरक आहे, आणि तो आपल्या विरोधात जातो. अंगठी गायजेसला इतरांपासून लपवते. सस्पेन्शन इतरांना आपल्यापासून लपवतं. गायजेसला निदान माहीत होतं की आपण काय करतोय.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सड्यांचं उदाहरण घ्या. वरून पाहिलं तर जांभ्याचं नुसतं उघडं पठार, ऑफ-रोडिंगला मोकळं मैदान. त्याच जांभ्यात हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं कोरलेली आहेत : प्राणी, मासे, माणसं, चौकोनी नक्षीचे पट. राजापूरजवळ कशेळीला हत्तीची एवढी मोठी आकृती आहे की जवळ उभं राहून ती हत्ती आहे हे कळतसुद्धा नाही. २०२२ मध्ये यातली काही ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पण बरीच शिल्पं अजून उघड्यावर आहेत, काही माती-गवताखाली आहेत. कोरीव रेघेची खोली काही सेंटिमीटर. मूळ जिप्सीत ती कदाचित खडबड म्हणून जाणवली असती. नव्या पाट्यांना आणि रुंद टायरला ती रेघ लागतही नाही.

साताऱ्याकडच्या पठारांवर वेगळी तऱ्हा. कासचं नाव सगळ्यांना माहीत आहे, पण तशी पठारं आजूबाजूला इतरही आहेत. खडकावर मातीचा पातळ थर, पावसाळ्यात त्यात साचणारं उथळ पाणी आणि त्या पाण्यात उगवणारा वायतुरा. ही वनस्पती याच भागातल्या पठारांची. तिथे चाकाला ओली, सपाट, निरुपद्रवी जमीन लागते. धक्का शून्य. गाडीला काहीच झालं नाही, याचा अर्थ काहीच झालं नाही असा आपण लावतो.

मागच्या पावसाळ्यात एका वाडीवर थांबलो होतो. वाडीच्या वरच्या उतारावर आमच्या आधी कधीतरी गेलेल्या गाड्यांच्या दोन खोल खुणा होत्या. तिथल्या आजी म्हणाल्या, “बाळा, गाडी गेली त्याचं काय नाय. पन तिच्या मागनं पानी जातंय.” उतारावरची खूण म्हणजे पाण्याला आयती मिळालेली वाट. दोन पावसाळ्यांत तिची घळ होते आणि वरची माती खालच्या खाचरात येऊन बसते. त्या गाडीवाल्यांना यातलं काही कळलं नसेल. ते वाईट लोक असतील असंही मला वाटत नाही. त्यांचं सस्पेन्शन चांगलं असणार.

मित्राचं यावरचं उत्तर बिनतोड आहे. तो म्हणतो, “तू पाच इंच उचलली नाहीस म्हणून सडा वाचणार आहे का? नवीन थार शोरूममधूनच कॉइल स्प्रिंग घेऊन येते. जायचे ते जाणारच. आणि ज्या वाडीची गोष्ट सांगतोस, तिथल्या लोकांनाच उंच, मऊ गाडीची जास्त गरज आहे.” शेवटचं वाक्य तर मला पूर्ण मान्य आहे. जिथे पेशंटला डोलीतून आणावं लागतं तिथे गाडी पोचणं हे पुण्य आहे. म्हणून ‘गाडीनं जाऊ नये’ असं मी म्हणत नाही. गरजेनं जाणारा रोज त्याच वाटेनं जातो, ती वाट कुणाची हे त्याला माहीत असतं आणि तिचं नुकसान झालं तर ते त्याच्या अंगणात येतं. त्याच्या सस्पेन्शननं कितीही लपवलं तरी वाट त्याच्यापासून लपत नाही. आम्ही शनिवारी येतो आणि रविवारी निघून जातो.

‘मी न गेल्यानं काय फरक पडतो’ याचं उत्तर मला आपल्याच एका शब्दात मिळालं. चाकोरी. कुणी वेगळं जगायला लागलं की आपण कौतुकानं म्हणतो, चाकोरीबाहेरचं आयुष्य. पण चाकोरी म्हणजे मुळात गाडीच्या चाकांनी पडलेली खूण. ऑफ-रोडिंग हे शब्दशः चाकोरीबाहेर जाणं, आणि चाक चाकोरीबाहेर गेलं की तिथे नवी चाकोरी पडते. पहिली गाडी गेलेली दिसते म्हणून दुसरी जाते. कोळशाच्या धुरात माझा धूर मिसळून जातो, कुठला माझा ते सांगता येत नाही. सड्यावर मात्र पहिली खूण कुणाची हे सांगता येतं, निदान स्वतःला तरी.

तर मग काय, पाठ मोडत कडक पाट्यांवरच बसायचं? तेही मला पटत नाही. अंग दुखतं म्हणून नीट वागणाऱ्याला सज्जन म्हणता येणार नाही, आणि त्रास सोसल्यानं कुणाचा सडा वाचत नाही. गाडी जोवर जाऊच शकत नव्हती तोवर न जाण्यात आपली काही कमाई नव्हती. जाऊ शकते आणि नेत नाही, तिथून पुढे आपली जबाबदारी सुरू होते. आधी पाठ नाही म्हणायची, ते आता आपल्याला म्हणावं लागतं. आणि पाठीकडून मिळणारी बातमी बंद केली असेल, तर ती दुसरीकडून मिळवणं आपल्याकडे लागतं.

त्याची रीत ऑफ-रोडिंगवाल्यांना आधीच माहीत आहे. अवघड टप्पा आला की गाडी थांबवायची, खाली उतरायचं, टप्पा चालत जाऊन बघायचा आणि मग चाक कुठून घालायचं ते ठरवायचं. आज हे आपण गाडीसाठी करतो : डिफरन्शियल आपटेल का, टायर फाटेल का. तेच उतरणं जमिनीसाठी करता येतं. पायाखाली काय आहे, पाणी कुठून वाहतं, जमीन कुणाची आहे, विचारायला कुणी आहे का. सोप्या टप्प्यावर, जिथे गाडीला काहीच होणार नाही, तिथे तर हे जास्तच करायला हवं. मऊ पाट्यांची ही खरी किंमत आहे आणि ती गॅरेजच्या बिलात येत नाही.

मित्राचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही. पुढच्या महिन्यात पॅराबोलिक पाटे बसतील, एवढं ठरलंय. पाच इंचांचा विषय त्यानं पावसाळ्यानंतर पुन्हा काढायचं ठेवलंय. मी त्याच्यापुढे एकच अट ठेवली आहे : जितके इंच गाडी उचलायची, तितक्या जास्त वेळा खाली उतरायचं. तो हसला, पण नाही म्हणाला नाही.